गोल्डनरॉडवर आलेला आळ

मुलांनो, शाळेचं स्नेहसंमेलन आठवा. प्रमुख पाहुणे येतात, टाळ्या होतात आणि एखादी मुलगी पुढे होऊन त्यांच्या हाती पुष्पगुच्छ देते. त्या गुच्छात काय काय असतं? लाल गुलाब, केशरी जरबेरा, हिरवी पानं आणि त्यांच्या अधूनमधून खोचलेले पिवळेधमक, पिसासारखे तुरे. गुलाबाचं कौतुक सगळे करतात. त्या तुऱ्यांचं नाव मात्र कुणी विचारत नाही!

त्यांचं नाव गोल्डनरॉड. गोल्डन म्हणजे सोनेरी आणि रॉड म्हणजे छडी. सोन्याची छडी! छडीचं नाव काढलं म्हणून हात मागे घेऊ नका हं. शाळेतली छडी आता बंद झाली आहे आणि ही छडी तर फार गुणी आहे. पण या गुणी झाडावर आमच्या शाळेत एकदा आजारपणाचा आळ आला. आळ घेणाऱ्यांत मीही होते. तीच गोष्ट आज सांगणार आहे, कारण त्या गोष्टीमुळे मला हे झाड खऱ्या अर्थानं कळलं.

शाळेच्या बागेत पाहुणी

आमची शाळा पुरंदर तालुक्यातली, छोटीशी. आजूबाजूला अंजीर, सीताफळं आणि फुलांची शेती. चौथीतल्या एका मुलाच्या बाबांच्या शेतात गोल्डनरॉड होतं. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून वीस-पंचवीस काश्या आणून दिल्या. काश्या म्हणजे काय, ठाऊक आहे? शेवंतीच्या बुडाशी जमिनीतून नवे फुटवे येतात, त्यांना आमच्याकडे काश्या म्हणतात. गोल्डनरॉडही तशाच काश्यांपासून लावतात.

आम्ही भिंतीलगत एक वाफा केला, एकेक फुटावर काशी लावली. पहिला महिना मुलं रोज जाऊन बघायची आणि हिरमुसून परत यायची. कारण नुसतीच पानं! जमिनीला चिकटून पानांची एक गोल चकती तयार झाली होती. पण ऑगस्टमध्ये त्या चकतीच्या मधून एक सरळ दांडा वर आला. बघता बघता तो मुलांच्या छातीला लागला. सप्टेंबरच्या शेवटी त्याचं टोक पिवळं झालं आणि आठ दिवसांत सगळा वाफा सोन्यासारखा झळकू लागला. मधमाश्या, फुलपाखरं, भुंगे यांची तर जत्राच भरली.

आम्ही भिंगातून एक तुरा पाहिला. तुम्हीही पाहा. लांबून जे एक फूल वाटतं ती असते शेकडो फुलांची वस्ती. तुऱ्यावरची प्रत्येक इवलीशी पिवळी टिकली म्हणजे सूर्यफुलाची छोटी बहीण. कडेला पाकळ्यांसारखी दिसणारी किरण-पुष्पके, मध्ये बारीक बारीक बिंब-पुष्पके. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, झिनिया आणि गोल्डनरॉड ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत.

"बाई, ती झुडपं उपटा!"

आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या वर्गातल्या एका मुलीला शिंका सुरू झाल्या. तिचं खरं नाव सांगत नाही, आपण तिला छोटी म्हणू. एकामागून एक दहा-बारा शिंका, डोळे लाल, नाक चोंदलेलं. रात्री झोप नाही आणि वर्गात लक्ष नाही.

एके दिवशी तिचे आजोबा शाळेत आले.

"बाई, आमच्या पोरीला तुमच्या त्या पिवळ्या फुलांचा त्रास होतोय. एवढा पिवळा धुरळा! ती झुडपं उपटून टाका."

मला काही उत्तर सुचेना. फुलं आली आणि शिंका आल्या, दोन्ही एकाच वेळी. मग कारण दुसरं कशाला असेल? मुलीच्या तब्येतीचा प्रश्न होता. मी जास्त विचार केला नाही. विळा आणला आणि वाफ्यातले सगळे दांडे जमिनीलगत कापून टाकले. मुलं गप्प उभी होती. ज्याच्या बाबांनी काश्या दिल्या होत्या, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि छोटीच्या शिंका? त्या थांबल्याच नाहीत!

वहीनं दिली साक्ष

आता मात्र मी जागी झाले. आपण विज्ञानात काय शिकतो? आधी निरीक्षण, मग नोंद, मग निष्कर्ष. मी तर थेट निष्कर्षावरच उडी मारली होती.

आम्ही एक वही केली. तारीख, वेळ, छोटी तेव्हा कुठं होती आणि शिंका किती, असे चार रकाने. नोंद ठेवायचं काम तिच्या मैत्रिणींनी घेतलं. दोन आठवड्यांनी वही उघडली तर चित्र स्पष्ट होतं. वर्गात शिंका कमी. बागेत पाणी घालताना कमी. खो-खोच्या तासाला मात्र भरपूर! खो-खोचं मैदान शाळेच्या मागच्या बाजूला. मी तिथं गेले आणि भिंतीपलीकडे डोकावले. कमरेएवढं गाजरगवत माजलेलं होतं, बारीक पांढऱ्या फुलांनी भरलेलं.

गाजरगवत तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. रस्त्याकडेला, पडीक जागेत, शेताच्या बांधावर ते असतंच. नाव गवत असलं तरी ते गवत नाही. पानं गाजराच्या पानांसारखी, म्हणून हे नाव. हेही परदेशी पाहुणं, मूळचं अमेरिका खंडातलं. १९५० च्या दशकात त्याची नोंद पुण्यात झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. त्याच्या परागांमुळे काहींना शिंका आणि दम्यासारखा त्रास होतो, तर नुसत्या स्पर्शानंही काहींच्या अंगावर खाज आणि पुरळ उठतं.

छोटीच्या आईनं तिला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा ती वहीही बरोबर दिली. डॉक्टरांनी वही वाचली, औषध दिलं आणि गाजरगवतापासून व धुळीपासून लांब राहायला सांगितलं. मग एका रविवारी पालकांनी हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून ते सगळं मुळासकट उपटलं. छोटीचा त्रास जादूसारखा नाहीसा झाला, असं मी म्हणणार नाही. पण शिंका पुष्कळ कमी झाल्या. ती रात्रीची झोपू लागली आणि खो-खोत पुन्हा धावू लागली.

अमेरिकेतही हाच आळ

नंतर वाचताना एक गंमत कळली. गोल्डनरॉडवर हा आळ घेणारे आम्ही पहिले नव्हतोच! या झाडाच्या शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक उत्तर अमेरिकेतल्या. तिथं उन्हाळा संपता संपता माळच्या माळ पिवळे होतात. त्याच सुमाराला हजारो लोकांना शिंकांचा आजार होतो. लोक चिडून बोट दाखवतात ते पिवळ्या फुलांकडे. पण खरा गुन्हेगार असतो रॅगवीड नावाचं एक तण. त्याची फुलं हिरवट, कुणाच्या नजरेत न भरणारी. ती गोल्डनरॉडच्या शेजारीच, त्याच दिवसांत फुलतात. म्हणजे करतो एक आणि बोल लागतो दुसऱ्याला!

हे कशावरून ठरलं? परागांवरून. ज्या झाडांचे पराग वारा वाहून नेतो, त्यांना रंग, मध, सुवास यांची गरज नसते. कारण वाऱ्याला आमंत्रण कशाला द्यायचं? त्यांचे पराग हलके, कोरडे आणि अमाप असतात. रॅगवीडचं एक झाड एका हंगामात एक अब्जापर्यंत पराग हवेत सोडू शकतं. गोल्डनरॉडचं काम मात्र कीटक करतात. म्हणून त्याचे पराग जड आणि चिकट, मधमाशीच्या पायांना लागावेत असे. ते वाऱ्यावर फारसे उडतच नाहीत. आजोबा ज्याला धुरळा म्हणत होते, तो फुलांचा नुसता रंग होता. झगझगीत फूल दिसलं तर त्यानं पाहुण्यांना बोलावलंय, एवढं लक्षात ठेवा.

घरी एक प्रयोग करा. काळ्या कागदावर मक्याचा तुरा हलकेच झटका. पिवळी भुकटी पडते, कारण मक्याचे पराग वाऱ्यावर जातात. मग दुसऱ्या कागदावर झेंडूचं किंवा गोल्डनरॉडचं फूल तसंच झटका आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. ज्यांना दम्याचा किंवा शिंकांचा त्रास आहे त्यांनी मात्र हा प्रयोग करू नये, मित्राला करू द्यावा.

आणि या झाडाचे गुण तरी किती! त्याचं शास्त्रीय नाव सॉलिडॅगो. लॅटिन भाषेतल्या ज्या शब्दावरून ते आलं, त्याचा अर्थ जोडणं, बरं करणं. युरोपात त्याची एक जात फार पूर्वीपासून औषधात वापरतात. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यानं १८९५ मध्ये आणि केंटकी राज्यानं १९२६ मध्ये त्याला आपलं राज्यपुष्प केलं. थंडी पडण्यापूर्वी मेक्सिकोकडे हजारो किलोमीटर उडत जाणारी मोनार्क फुलपाखरं वाटेत याच्या मधावर पोट भरतात.

विजेच्या दिव्यावर काम करणारे थॉमस एडिसन तुम्हाला माहीतच आहेत. त्यांनाही या झाडानं वेड लावलं होतं. अमेरिकेत मोटारी वाढत होत्या, पण टायरसाठी लागणारं रबर दूर आग्नेय आशियातून यायचं. युद्ध झालं आणि जहाजं बंद पडली तर? म्हणून १९२७ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, एडिसन यांनी आपल्या देशात वाढणाऱ्या वनस्पतींत रबर शोधायला घेतलं. १७ हजारांहून अधिक नमुने तपासले आणि निवड केली ती गोल्डनरॉडची! त्याच्या पानांत थोडं रबर असतं. त्यांनी निवडून निवडून सुमारे १२ फूट उंचीची झाडं तयार केली. १९३१ मध्ये एडिसन वारले. पुढे या झाडाचं रबर थोडं आणि हलक्या प्रतीचं निघतं असं दिसून आलं, कारखान्यात बनवलेलं रबर मिळू लागलं आणि ते काम थांबलं. पण ऐंशीव्या वर्षी नवा अभ्यास सुरू करणं, हे काय कमी आहे?

जमिनीखालची शिदोरी

आता परत आमच्या वाफ्याकडे येऊ. झाडं तर मी कापून टाकली होती. आळ खोटा निघाला, पण माझी चूक कशी भरून निघणार? दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि मुलं ओरडत आली, "बाई, बाई, चला लवकर!" वाफ्यात प्रत्येक बुंध्याशी हिरवे फुटवे उभे होते. एकेका झाडाच्या जागी चार-चार, पाच-पाच!

पुस्तकात आपण वार्षिक आणि बहुवार्षिक वनस्पती असे शब्द वाचतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. त्या दिवशी आम्हाला त्यांचा अर्थ दिसला. कासच्या पठारावर पावसाळ्यात पिवळीधमक सोनकी फुलते. सोनकीही सूर्यफुलाच्याच कुळातली, पण ती वार्षिक. एका हंगामात उगवते, फुलते, बी टाकते आणि संपते. पुढच्या वर्षी दिसते ती बियांतून आलेली नवी सोनकी. गोल्डनरॉड मात्र बहुवार्षिक. वरचा दांडा वाळला, कापला, बर्फाखाली गाडला गेला, तरी जमिनीखालचे कंद-मुळांसारखे खोड जिवंत राहतं. त्यात अन्नाची शिदोरी असते. आपल्याकडे हळदीचं पाहा ना, पानं वाळून जातात आणि पावसाबरोबर कंदातून पुन्हा कोंब येतो.

मी झाड उपटलं नव्हतं, कापलं होतं. म्हणून ते परत आलं. थंडीत दिवस लहान असतात, त्यामुळे दांडे बुटकेच राहिले. पण जानेवारीच्या संमेलनात पाहुण्यांना दिलेल्या गुच्छात आमच्याच वाफ्यातले तुरे होते.

तुम्हाला लावायचंय?

मग असं करा:

१) पाऊस सुरू झाला की लावा. रोपवाटिकेतून रोप आणा किंवा फुलशेती करणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन-तीन काश्या मागून घ्या.

२) जागा भरपूर उन्हाची हवी, निदान पाच-सहा तास. गच्ची किंवा गॅलरी असेल तर १२ इंची कुंडी पुरते. कुंडीला तळाशी भोक हवंच. पाणी साचलं की मुळं कुजतात.

३) मातीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळा. दोन झाडांत एक फूट अंतर ठेवा. खताचा मारा करू नका. फार लाड केले की झाड उंच वाढतं आणि लोळतं!

४) माती वरून सुकलेली दिसली की पाणी द्या. बोट खुपसून पाहिलं की अंदाज येतो.

५) सुरुवातीला नुसती पानं दिसतील. धीर धरा. साधारण तीन महिन्यांनी तुरे येतात. दांडा वाकू लागला तर काठीचा आधार द्या.

६) कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा. पानांवर पांढरी भुरी आली तर ती पानं काढून टाका.

७) तुऱ्यातली निम्मी फुलं उमलली की सकाळी दांडा कापा, जमिनीपासून चार बोटं वर. फुलदाणीत ठेवा किंवा उलटा टांगून वाळवा. कापलेल्या जागेच्या बुडाशी नवे फुटवे येतील.

८) दोन-तीन वर्षांनी गड्डा खणून काढा. मधला भाग जुना होऊन फुलं बारीक येऊ लागतात. कडेच्या ताज्या काश्या वेगळ्या करून पुन्हा लावा आणि उरलेल्या मित्रांना वाटा.

शेवंती-झेंडूला हात लावला की ज्यांच्या अंगावर पुरळ येतं त्यांनी गोल्डनरॉडही हाताळू नये. आणि गाजरगवत उपटायचं काम मुलांनी उघड्या हातांनी मुळीच करायचं नाही. मोठ्यांना सांगा. पालकांनो, ते फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट काढलंत तर पुढच्या वर्षीचं बी पडणार नाही.

कुंपण मोडू नका

आळ खोटा होता हे खरं. पण म्हणून गोल्डनरॉड सगळीकडे साधंभोळं आहे, असंही नाही बरं का! शोभेचं झाड म्हणून ते सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये आणि १९३५ च्या सुमारास चीनमध्ये नेलं गेलं. तिथं ते बागेतून बाहेर पडलं. जमिनीखालून पसरत आणि बिया उडवत त्यानं नदीकाठ, पडीक शेतं, रेल्वेच्या कडा व्यापल्या आणि तिथल्या मूळच्या झाडांना हुसकावलं. आपल्याकडे घाणेरीनं हेच केलंय. तीही शोभेसाठीच आणली होती.

म्हणून आम्ही दोन नियम केले आहेत. पहिला, फुलं सुकून पांढरी होण्याआधी तुरे कापायचे. नाहीतर रुईच्या म्हातारीसारख्या केसाळ बिया वाऱ्यावर उडू लागतात. दुसरा, जादा काश्या ओढ्याकाठी, डोंगरावर किंवा कासच्या पठारासारख्या ठिकाणी कधीही टाकायच्या नाहीत. तिथलं घर सोनकीचं आहे. पाहुण्यानं पाहुण्यासारखं कुंपणाच्या आत राहावं.

यंदा जूनमध्ये आम्ही गड्डे खणून काश्या वेगळ्या करत होतो. फाटकातून छोटीचे आजोबा येताना दिसले. मला वाटलं, आता पुन्हा काय? ते वाफ्यापाशी आले, जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, दोन काश्या आम्हालाही द्या. अंगणात लावीन म्हणतो."

छोटीनं त्यांना दोन नाही, चार काढून दिल्या. आणि वर बजावलं, "आजोबा, सुकायच्या आत कापायचे हं तुरे. वहीत लिहून ठेवा!"